शेजारघराची गोष्ट

वाचकहो, मित्र आपण निवडतो, सोयरीक पारखून जुळवतो. शेजारी मात्र वाट्याला येतो. तो कोण असावा, काय खाणारा असावा, कोणत्या देवाला हात जोडणारा असावा, हे आपल्याला कोणी विचारीत नाही. म्हणून एखाद्या समाजाची खरी पारख करायची, तर त्याचे ग्रंथ आणि भाषणे क्षणभर बाजूला ठेवावीत आणि तो शेजाऱ्याशी कसा वागतो एवढेच पाहावे. भाषणात आपण सगळेच उदार असतो. प्रश्न उभा राहतो तो जिन्यात, नळावर आणि मोरीच्या पाण्यावरून.

ज्या घरांची गोष्ट येथे सांगायची आहे, ती घरे याच प्रश्नातून उभी राहिली. इंग्रजीतून त्यांना सेटलमेंट किंवा नेबरहूड हाऊस असे नाव पडले. आपण त्यांना शेजारघर म्हणू. त्यांतले एक लंडनमध्ये उभे राहिले, एक शिकागोत, आणि एक आपल्या मुंबईत, नागपाड्याला. या घरांनी काय साधले, कोठे ती चुकली आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. गिरण्या आणि गोदी यांच्यामुळे मुंबईला जी माणसे आली, ती एकेकटी आली नाहीत. येताना आपला गाव बरोबर घेऊन आली. कोकणातला गडी गावकीच्या खोलीत उतरे. एका खोलीत दहा-वीस माणसे. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी तिच्या जागी पथारी टाकी. खोली गावाची, भांडी गावाची, भजनही गावाचेच. घाटावरचा माणूस आपल्याकडच्या बाईची खानावळ शोधी. गोव्याहून आलेला खलाशी किंवा आचारी धोबीतलावाला नाहीतर माझगावला आपल्या गावाच्या 'कूड'मध्ये ट्रंक टाकी. कूड म्हणजे गावकऱ्यांची सामाईक वास्तू. तिच्यात गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थनेला बसावे असा दंडक असे. जहाज मिळेपर्यंत हेच त्याचे घर.

या खोल्या नसत्या, तर हजारो माणसे त्या अफाट शहरात हरवून गेली असती. आपल्या माणसांत राहावेसे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. पण या सगळ्या घरांचे तोंड आत होते. गावकीच्या खोलीतला गडी कूडमधल्या खलाशाला कोठे भेटणार? मदनपुऱ्यातला विणकर माझगावच्या खिस्ती कारकुनाला कोठे भेटणार? रस्त्यात भेटे, गिरणीच्या फाटकाशी भेटे, इराण्याच्या हॉटेलात शेजारच्या टेबलाशी बसलेला दिसे. पण दिसणे वेगळे आणि ओळख वेगळी. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. ज्यांनी एकमेकांवर हात उचलला ती माणसे एकमेकांपासून काही कोसांवर राहत नव्हती. वर्षानुवर्षे एकाच वस्तीत राहत होती. तेव्हा नुसते जवळ राहिल्याने माणूस जवळ येतो, हा आपला समज त्या दंग्याने खोटा ठरवला.

आता जरा लंडनकडे वळू. कारण आपल्या नागपाड्याच्या घराची वंशावळ तेथून सुरू होते.

लंडनच्या पूर्वभागात व्हाइटचॅपल नावाची गरीब वस्ती आहे. गोदी जवळ असल्यामुळे परदेशातून आलेल्या माणसाचे पहिले पाऊल याच भागात पडे. येथल्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. तिची हकीगत ऐकली म्हणजे त्या वस्तीचा सगळा इतिहास कळतो. ती १७४३ साली बांधली ती फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रॉटेस्टंटांचे प्रार्थनामंदिर म्हणून. १८१९ मध्ये तेथे मेथॉडिस्टांचे चॅपल आले. १८९८ मध्ये ते ज्यूंचे सिनेगॉग झाले. १९७६ पासून ती मशीद आहे, आणि तेथे नमाज पढणाऱ्यांत बंगाली, विशेषतः सिल्हेटकडची मंडळी पुष्कळ. भिंती त्याच, आतली प्रार्थना मात्र तीन वेळा बदलली. आणि प्रत्येक खेपेला वस्तीतल्या जुन्या लोकांनी नव्याविषयी हेच म्हटले असणार : हे लोक आमच्यासारखे नाहीत.

१८८१ नंतर रशियात ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या आणि तेथून पळालेले शिंपी, चांभार, टोपीवाले व्हाइटचॅपलमध्ये येऊ लागले. याच सुमारास तेथल्या सेंट ज्यूड चर्चचे धर्मोपदेशक सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांच्या मनात एक विचार आला. गरिबांना लांबून पैसे धाडणे पुष्कळ झाले. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी येथे येऊन राहावे, शेजारी म्हणून राहावे, आणि जितके शिकवतील तितके शिकूनही जावे. १८८४ मध्ये हे घर उघडले. तरुणपणीच वारलेले अर्थशास्त्रज्ञ आर्नल्ड टॉयन्बी यांच्या नावावरून त्याला टॉयन्बी हॉल म्हणू लागले. पुढे आपल्या स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान असलेले क्लेमंट अ‍ॅटली यांनीही उमेदीच्या काळात काही दिवस या घराचे चिटणीसपद सांभाळले होते.

कल्पना थोर होती, यात शंका नाही. तथापि तिच्यात एक उणीव राहिली. घर वस्तीत होते, पण वस्तीचे नव्हते. त्याचे नियम वरच्या वर्गातून आलेल्या लोकांनी केलेले. तेथून फार लांब नाही अशा जुबिली स्ट्रीटवर १९०६ मध्ये दुसरे एक घर उघडले ते अगदी वेगळ्या वाटेने. ते होते ज्यू कामगारांचे मंडळ. त्याचा आत्मा म्हणावा असा माणूस होता रुडॉल्फ रॉकर. गंमत अशी, की हा रॉकर मुळी ज्यू नव्हताच! तो जर्मन, खिस्ती घरात जन्मलेला. पण ज्यू शिंप्यांमध्ये राहून तो त्यांची यिडिश भाषा शिकला, इतकी की त्या भाषेतले वर्तमानपत्र तो चालवी. या मंडळाचे दार ज्यूंसाठी होते, तसे इतर कामगारांसाठीही होते.

याचे फळ लवकरच दिसले. १९१२ मध्ये लंडनच्या शिंप्यांनी संप केला आणि त्याच वेळी गोदी कामगारांचाही संप चालू होता. गोदी कामगार बहुतेक आयरिश कॅथलिक. ज्यूंविषयी त्यांच्या मनात फारसे प्रेम नव्हते. शिंप्यांचा संप मिटला, पण गोदीचा लांबला आणि कामगारांच्या घरी चुली पेटेनात. तेव्हा ज्यू कुटुंबांनी आयरिश कामगारांची कित्येक मुले आपल्या घरी नेऊन सांभाळली, त्यांना जेवू घातले, कपडे दिले. त्यानंतर २४ वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९३६ रोजी, ओस्वल्ड मोझ्ली आपल्या काळ्या डगल्यांच्या फॅसिस्ट अनुयायांसह ज्यू वस्तीतून मोर्चा न्यायला निघाला, त्या वेळी केबल स्ट्रीटवर आडवे होऊन तो अडवणाऱ्यांत ज्यूंच्या खांद्याला खांदा लावून आयरिश गोदी कामगार उभे होते. संपाच्या दिवसांत दिलेली भाकर वस्ती विसरली नव्हती.

आता अमेरिकेतल्या शिकागोची गोष्ट. जेन अ‍ॅडम्स नावाची एक तरुणी युरोपच्या प्रवासात टॉयन्बी हॉल पाहून आली आणि तिने आपली मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्याबरोबर १८८९ मध्ये शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर हल नावाच्या गृहस्थाच्या जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटले. हेच ते हल हाऊस. भोवती इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, बोहेमियन, रशियातून आलेले ज्यू अशी सगळी खिचडी. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे.

या बायांनी आरंभी एक चूक केली आणि ती मोठी बोधप्रद आहे. शेजारणी दिवसभर कारखान्यात राबतात, मुलांना चांगले अन्न मिळत नाही, हे पाहून त्यांनी एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. अन्न शास्त्रीय पद्धतीने शिजवलेले, पौष्टिक, स्वस्त. उणे काहीच नव्हते. पण लोक फिरकेनात! इटालियन बाईला तिच्या गावचे जेवण हवे होते, ज्यू बाईला तिच्या धर्मात चालणारे. एकीने तर सरळ सांगितले, की पौष्टिक असेल बाई, पण मला जे आवडते तेच मी खाणार. आपल्याकडे एखाद्या मालवणी माणसापुढे रोज उकडलेली भाजी ठेवून ती तब्येतीला कशी चांगली हे सांगत बसावे, तसाच हा प्रकार. जेन अ‍ॅडम्सचा मोठेपणा असा, की ही फजिती तिने लपवली नाही. आपल्या आठवणींत ती लिहून ठेवली.

त्या चुकीतून ती शिकली. पुढे १९०० मध्ये हल हाऊसमध्ये तिने श्रमांचे एक संग्रहालय काढले. त्याचे कारण ऐका. परदेशातून आलेल्या आईबापांची मुले शाळेत इंग्रजी शिकत, अमेरिकन होत आणि मग त्यांना आपल्या आईची लाज वाटू लागे. डोक्याला रुमाल बांधणारी, इंग्रजी न येणारी, चातीवर सूत कातणारी आई! अ‍ॅडम्सने अशा आयांना बोलावले आणि सूत कातण्याच्या, विणण्याच्या त्यांच्या जुन्या रीती लोकांसमोर करून दाखवायला लावल्या. एका इटालियन मुलीची हकीगत तिने दिली आहे. ही मुलगी त्याच इमारतीत स्वयंपाकाच्या वर्गाला येई, तिची आई सूत कातायला येई. पण मैत्रिणींना कळू नये म्हणून मुलगी आईबरोबर न येता दुसऱ्या दाराने आत शिरे. एके दिवशी तिने पाहिले, की आपल्या आईभोवती मोठमोठी शिकलेली माणसे जमली आहेत आणि तिच्या हातचे कौशल्य पाहून वाखाणीत आहेत. त्यानंतर ती मुलगी आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

वाचकहो, या दोन प्रसंगांत शेजारघराचे सगळे मर्म आले. स्वयंपाकघर फसले, कारण तेथे शेजाऱ्याला आपल्यासारखे करायचे होते. संग्रहालय साधले, कारण तेथे शेजारी जसा होता तसा मोठा ठरला.

पण म्हणून हल हाऊस आणि त्याच्यासारखी इतर घरे निर्दोष होती असे समजू नये. युरोपातून आलेल्या सर्वांना सामावून घेणारी अमेरिकेतली ही घरे काळ्या लोकांसाठी दार उघडायला फार उशीर लावीत होती. जेन अ‍ॅडम्स स्वतः १९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या संस्थापकांपैकी होती. पण घराघरांची वागणूक तिच्या मनाएवढी मोठी नव्हती. जेव्हा काळ्यांची वस्ती वाढली, तेव्हा काही घरांनी दार उघडण्याऐवजी मुक्कामच हलवला. शेजाऱ्यांवर प्रेम करणाऱ्यांनीही 'शेजारी' या शब्दाला कुंपण घातलेलेच होते.

याच शिकागोच्या विद्यापीठात शिकलेला क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचा तरुण पाद्री १९२५ मध्ये मुंबईला आला, आणि येथून ही गोष्ट आपली होते.

तो आला अमेरिकन मराठी मिशनतर्फे. १८१३ मध्ये मुंबईत पाय ठेवलेले हे मिशन मराठी वाचकाला परके नाही. 'ज्ञानोदय' हे पत्र त्याचेच. १९२६ मध्ये मिशनने नागपाड्याला शेजारघर काढले आणि ते मॅन्शार्टच्या हाती सोपवले. नागपाडा नेबरहूड हाऊस असे त्याचे नाव. जागा मोठी विचारपूर्वक निवडलेली होती. एका बाजूला कामाठीपुरा, दुसरीकडे मदनपुरा, पलीकडे भायखळा. मुसलमान विणकर आणि कारागीर, हिंदू गिरणी कामगार, गोव्याचे आणि इकडचे खिस्ती, काही पारशी, आणि ज्यूसुद्धा. ज्यूंमध्ये पुन्हा दोन परी. एक बगदादकडून आलेले, ज्यांच्यासाठी डेव्हिड ससूनने भायखळ्याला १८६४ मध्ये सिनेगॉग बांधले. आणि दुसरे आपले बेने इस्राएल, कोकणातले 'शनिवार तेली', शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि घरात मराठी बोलणारे. एकाच धर्माचे हे दोघे, पण बगदादी मंडळी या मराठी ज्यूंना बरोबरीने वागवीत नसत. भेद हा काही केवळ धर्माधर्मांतच असतो असे नाही. तो एकाच देवळाच्या आतही पाट मांडून बसतो!

अशा वस्तीत मिशनरी घर काढतो म्हटल्यावर लोकांच्या मनात काय येणार? हा आता बाटवायला आला. ही शंका अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. मिशन म्हटले की धर्मप्रसार आलाच. परंतु मॅन्शार्टने या घराला वळण दिले ते सेवेचे आणि शिक्षणाचे. वाचनालय, व्यायाम आणि खेळ, व्याख्याने, बायका-मुलांसाठी वर्ग अशी कामे तेथे चालत. ज्याला जे हवे त्याने त्यासाठी यावे. पुढे १९४९ मध्ये याच मॅन्शार्टने महात्मा गांधींचे मिशनऱ्यांविषयीचे लेखन निवडून त्याचे पुस्तक संपादित केले. गांधीजींनी धर्मांतरावर केलेली टीका मिशनरी म्हणून आलेल्या माणसाने स्वतः जगापुढे ठेवावी, यावरून शेजाऱ्याचे ऐकून घ्यायला तो किती तयार होता हे दिसते.

नागपाड्याच्या घरापोटी एक मोठे काम जन्माला आले. अशी घरे चालवायची तर नुसती भूतदया पुरत नाही, शिकलेले कार्यकर्ते लागतात, हे मॅन्शार्टने सर दोराबजी टाटा ट्रस्टला पटवून दिले. आणि १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली ती नागपाड्याच्या या घरातच. तिचे पहिले संचालक मॅन्शार्टच. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. आज तिचे नाव देशभर आहे. ते बीज कोठे रुजले, तर नागपाड्याच्या गल्लीत.

आणि केवळ परदेशी माणसांनीच हे केले असे नव्हे बरे का. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, कामगारांसाठी सभागृह अशी कामे तिने गिरणगावात उभी केली. परळचा दामोदर हॉल हा तिचाच. दिवसभर यंत्रापुढे उभा राहिलेला कोकणी गडी रात्री तेथे तोंडाला रंग लावून राजा होई. आणि याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा भरली, जिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. ज्यांना गावात पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते, त्यांना शहरात एका सभागृहाचे दार उघडे मिळाले. एका दाराने केवढे काम केले पाहा.

आता कोणी विचारील, एवढी घरे झाली, मग दंगे थांबले का? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर सरळ दिले पाहिजे. नाही थांबले. नागपाड्याचे घर उभे असतानाच १९२९ आणि १९३२ मध्ये मुंबईत दंगे झाले. १९३६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे लंडनमध्ये केबल स्ट्रीट घडले त्याच महिन्यात, नागपाड्याला लागून असलेल्या भायखळ्यात देऊळ आणि मशीद यांच्या वादातून दंगल पेटली. त्याच वर्षी मॅन्शार्टचे हिंदु-मुसलमान प्रश्नावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. ज्याने त्या प्रश्नावर पुस्तक लिहिले, त्याच्याच दाराशी तो प्रश्न सुरे घेऊन उभा राहिला. एक घर म्हणजे अवघ्या शहराचे कवच नव्हे. ज्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडलाच नाही त्यांना ते काय करणार?

मग त्याचा उपयोग काय? उपयोग काय, हे पुष्कळ वर्षांनी आपल्याच जवळ भिवंडीत दिसून आले.

भिवंडी हे मागांचे गाव. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, मराठी माणसे, असा त्या गावचा मेळ. १९७० मध्ये तेथे मोठी दंगल झाली आणि १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा झाली. भिवंडी म्हटले की दंगल, असे समीकरणच झाले होते. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या नेमल्या. प्रत्येक समितीत त्या मोहल्ल्यातले हिंदूही आणि मुसलमानही. पुढाऱ्यांना मान देण्यासाठी हे केलेले नव्हते. साध्या रहिवाशांना त्यांत घेतले. या समित्या एकत्र बसून एकतेवर व्याख्याने ऐकीत नसत. बैठकीत विषय निघत ते रोजच्या तक्रारींचे, भांडणतंट्यांचे, वस्तीतल्या अडीअडचणींचे. पण वर्ष-दोन वर्षे अशा बैठका होत राहिल्या की कोण कोठे राहतो, कोणाचा मुलगा कोठे कामाला आहे, रात्री कोणाचे दार वाजवायचे, हे एकमेकांना माहीत होते.

१९९२ च्या डिसेंबरात अयोध्येची घटना घडली. मुंबई पेटली, त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत शेकडो माणसे मेली. पण ज्या गावाकडे सगळे भीतीने पाहत होते, ती भिवंडी शांत राहिली! अफवा तेथेही आल्याच असतील. पण अफवा आली की ती खरी का खोटी हे विचारायला पलीकडच्या बाजूला एक ओळखीचे दार होते. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने देशातल्या अनेक शहरांचा अभ्यास करून २००२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातही निष्कर्ष असाच, की जेथे दोन्ही समाजांची माणसे एकाच मंडळात, एकाच संघटनेत, एकाच धंद्यात गुंतलेली असतात, तेथे ठिणगीचा वणवा होणे अवघड जाते. मुंबईनेही हा धडा घेतला. १९९४ मध्ये ज्यूलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिटीचे काम उभे राहिले.

व्हाइटचॅपलचा संप, शिकागोचे संग्रहालय, नागपाड्याचे वाचनालय, परळचा हॉल, भिवंडीची समिती, ही सगळी एका माळेत ओवून पाहिली की एक गोष्ट स्वच्छ दिसते. 'तुम्ही एकमेकांवर प्रेम करा' असे सांगून कोणाचे मन बदललेले नाही. मन बदलले ते दुसरेच काही काम करताना. कोणी संपात होता, कोणी सूत कातीत होता, कोणी पुस्तक बदलायला आला होता, कोणी नाटकाच्या तालमीला, तर कोणी गटाराची तक्रार घेऊन. ओळख ही त्या कामाबरोबर घरी आली, जसा बाजारातून भाजी आणताना कोथिंबिरीची जुडी पिशवीत येते. आणि दुसरी गोष्ट : ज्या घराने शेजाऱ्याला त्याची भाषा, त्याचे अन्न, त्याचा देव दारात काढून ठेवायला सांगितले, त्या घरात शेजारी फार दिवस राहिला नाही.

ही घरे काळाच्या ओघात बदलली. टॉयन्बी हॉल आजही आपल्या जागी काम करतो. हल हाऊसच्या बहुतेक इमारती १९६० नंतरच्या वर्षांत विद्यापीठासाठी पाडल्या गेल्या. जुना वाडा संग्रहालय म्हणून राहिला, आणि त्याचे काम चालवणारी संस्था २०१२ मध्ये पैशांअभावी बंद पडली. नागपाडा-भायखळ्याच्या ज्यूंपैकी बहुतेक मंडळी १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली. तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. इकडे असताना बगदादी ज्यू ज्यांच्या मराठीला नाक मुरडीत, तीच मराठी त्यांनी समुद्रापलीकडे जपली.

आणि आपण? चाळी गेल्या, तेथे उंच इमारती आल्या. गावकीच्या खोलीची जागा सोसायटीच्या कार्यालयाने घेतली. पण सोसायटी पाहून घर भाड्याने मागायला आलेल्या माणसाला आपण आज काय विचारतो? आडनाव विचारतो. मांस-मच्छी खाता का, हे विचारतो. म्हणजे शेजारी वाट्याला येतो हे मी आरंभी म्हटले ते आता खरे राहिलेले नाही; आपण तो निवडू लागलो आहोत, आणि निवडताना आपल्यासारखाच निवडीत आहोत. ही गावकीची खोलीच झाली, फक्त तिला लिफ्ट आहे. गावकीच्या गड्याचा नाइलाज होता; आपला आहे का?

प्रत्येक सोसायटीत एक सभागृह असते. वर्षातून एकदा सत्यनारायण, एकदा वार्षिक सभेतले भांडण, आणि बाकी दिवस कुलूप. त्या कुलपाची किल्ली एका संध्याकाळी मागून पाहा. पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना तेथे अभ्यासाला बसू द्या. कामाला येणाऱ्या बाईला, जिन्याखाली बसणाऱ्या पहारेकऱ्याला तेथे खुर्ची द्या. एकात्मतेचा फलक लावण्याची काही जरूर नाही. चार पुस्तके, एक कॅरमचा पाट आणि उघडे दार एवढे आरंभाला पुरे. वेळ आली की रात्री कोणाचे दार वाजवायचे, हे तुम्हांला आणि त्यांनाही ठाऊक असले म्हणजे झाले.